उशिरा येणाऱ्याचं जेवण

सोलापूरला रात्री उशिरा घरी पोचणाऱ्यांची कधीच कमी नव्हती. हुतात्मा एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सुटते ती इथं रात्री दहाच्या आसपास लागते, आणि आता मुंबईहून वंदे भारत येते ती तर त्याच्याही नंतर, पावणेअकराच्या सुमारास. मग स्टेशनवरून रिक्षा ठरवा, जुळे सोलापूर नाहीतर अक्कलकोट रोडला या, म्हणजे अकरा साडेअकरा झालेच. बॅग ठेवायच्या आधीच आतून विचारलं जातं, "जेवलास का?" आणि येणारा म्हणतो, "असूदे आता, काही करत बसू नको." पण खरंतर त्याला भूक लागलेली असते आणि बाहेरचं काहीतरी खाऊन तोंड विटलेलं असतं.

अशा वेळी आमच्याकडं कुणाची धावपळ होत नाही. शेंगदाण्याच्या चटणीची बरणी काढायची, डब्यातून कडक भाकरी काढायची, वाटीत दही, बाजूला कांदा फोडून. पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि तो माणूस जे काही जेवतो ते बघण्यासारखं असतं. पहिला घास घेताना घाई असते, नंतर हळूहळू बोलायला लागतो, गाडीत काय झालं, ऑफिसात काय चाललंय, मग चटणी परत मागतो.

मी गेली कित्येक वर्षं घरचा स्वयंपाक करते, मला आवडतो म्हणून करते, आणि विचार करता करता मला असं वाटायला लागलंय की आमच्या ह्या भागातलं साधं जेवण हे उशिरा येणाऱ्या माणसाचा विचार करूनच घडलंय. म्हणजे कुणी बसून ठरवलं असं नाही, पण इथली जमीन, इथला उन्हाळा, गिरण्यांच्या पाळ्या, सगळ्यांनी मिळून ते तसं झालं. आमच्या कितीतरी गोष्टी थांबायला तयार असतात. तुम्ही कधीही या, त्या आहेत तशाच असतात.

माझे वडील मिलमध्ये होते. सोलापूर हे गिरणगावच, पहिली मिल इथं १८७७ साली निघाली, तिला सगळे जुनी मिलच म्हणायचे, मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा एकेक झाल्या आणि अर्धं गाव भोंग्यावर उठायला झोपायला लागलं. दुसऱ्या पाळीचा माणूस दुपारी जायचा तो मध्यरात्रीच घरी. आमच्या घरात आई, आजी आणि आम्ही पोरं आठ साडेआठला जेवून घ्यायचो, आणि वडिलांचं ताट वेगळं झाकून असायचं. त्या ताटात काय ठेवायचं हा आईचा रोजचा अभ्यास होता. भात ठेवला तर गार होऊन घट्ट गोळा होतो, पातळ आमटी गरम करायला स्टो पेटवावा लागणार आणि त्याच्या आवाजानं पोरं उठणार, म्हणून मग ती कोरडी भाजी करायची, शेंगाचं कूट लावून. गवार, दोडका, वांगं काहीही असो, कूट लावलं की भाजी गार झाली तरी चवीला राहते. भाकरी ती फडक्यात गुंडाळून दुरडीत ठेवायची. आणि चटणी. चटणीशिवाय ताट मी तरी कधी बघितलं नाही.

वडील आले की हातपाय धुऊन अंधारातच जेवायला बसायचे, लाईट लावला तर आम्ही जागे होऊ म्हणून. मी कितीतरी वेळा जागीच असायची. भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू यायचा आणि मग दोघांचं हळू आवाजातलं बोलणं. आईनं जेवून घेतलेलं असायचं पण ती त्यांच्यासमोर बसायची, आणि एखादा घास चटणीशी खायची, सोबत म्हणून.

तर ही चटणी. सोलापूरच्या बाहेरची माणसं हिला शेंगदाण्याची चटणी म्हणतात, आम्ही शेंगाची म्हणतो. आता ती पाकिटात सगळीकडं मिळते, ऑनलाईन मिळते, इथं मधल्या मारुतीच्या बाजूला गेलात तर किलोनं बांधून देतात आणि बाहेरगावचे पाहुणे जाताना चादरीबरोबर हीच घेऊन जातात. चांगली असते ती, मी नावं ठेवत नाही. पण घरी कुटलेल्या चटणीबद्दल मला सविस्तर बोलायचंय, कारण तिच्यात जे घडतं ते मला अजूनही प्रत्येक वेळी बघत राहावंसं वाटतं.

शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, घाई अजिबात नाही. मोठ्या आचेवर वरून काळे होतात आणि आत कच्चेच राहतात, मग चटणीला एक हिरवट वास येतो तो कशानंच जात नाही. दाणा मधून फोडून बघायचा, आतून बदामी दिसला की झालं. गार करून चोळायचे, पाखडून फोल काढायचं. मग उखळात आधी जिरं, मीठ आणि लसूण. लसूण सढळ हातानं घ्यायचा, दोन वाट्या दाण्यांना दहाबारा पाकळ्या तरी पाहिजेत, सोलून न धुता, आणि धुतला तर पुसून अगदी कोरडा करून. तो कुटला की वरून लाल तिखट, आणि मग दाणे मूठमूठ टाकत जायचं. पहिल्यांदा नुसता भुगा दिसतो, कोरडा, फिकट. कुटत राहायचं. मग एका क्षणाला रंग बदलतो. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, ते घावानं सुटायला लागतं आणि तिखटाला धरतं, आणि सगळी चटणी आतून लाल आणि ओलसर होते. तेलाचा एक थेंबही वरून घातलेला नसतो. मुठीत दाबली की मुटका झाला पाहिजे आणि तळहाताला लाल तेल लागलं पाहिजे.

मिक्सरमध्ये हे का होत नाही असं मला माझ्या पुतणीनं विचारलं होतं, तिला इंजिनिअरिंगचं डोकं आहे म्हणून तिला कारण पाहिजे असतं. पातं जे आहे ते कापतं, मुसळ चेचतं. कापून बारीक तुकडे होतात पण तेल आतच राहतं, आणि जास्त फिरवलं तर भांडं तापतं आणि एकदम त्याचं लोणीच होतं, पोरं ब्रेडला लावतात तसलं. चटणी ह्या दोन्हीच्या मधली आहे. काही कण राहिले पाहिजेत, दाताखाली आले पाहिजेत, आणि त्या कणांना तेलाचा हात लागलेला पाहिजे. कांडपावर कुटून आणली तर बऱ्यापैकी जमतं, मोठ्या प्रमाणात करायची असेल तर मी तेच करते. पण घरापुरती असेल तर उखळ.

आणि ती टिकते! हेच तर तिचं मोठेपण. भाजलेल्या दाण्यात पाणी जवळजवळ नसतंच, मीठ तिखट भरपूर, ओला चमचा लावला नाही तर बरणीत आरामात राहते. वडिलांच्या डब्यात, पोरांच्या ट्रंकेत, पंढरीच्या वारीला निघालेल्या माणसाच्या पिशवीत दशमीबरोबर, सगळीकडं ही जाते. दशमी पण तशीच, पाण्याऐवजी दुधात भिजवलेली, मऊ राहते आणि वाटेत चालते. आषाढीला आमच्या जिल्ह्यात लाखो माणसं चालत येतात आणि त्यातल्या कितीतरी पिशव्यांत दशमी चटणी असते, मला त्या गोष्टीचा फार आनंद वाटतो.

कडक भाकरी मी माहेरी असताना शेजारच्या काकूंकडून शिकले. त्या कानडी, लिंगायत, आमच्याशी मराठी बोलायच्या पण सुनेला ओरडायचं असलं की कानडीत सुरू व्हायच्या. सोलापुरात हे असंच आहे, एका गल्लीत तीन भाषा. पलीकडं पद्मशाली लोक, घरी तेलुगू, पुरुष मागावर नाहीतर पॉवरलूमवर टॉवेल विणायला आणि बायका दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेल्या. त्यांच्याकडं उन्हाळ्यात चिंचेचं कच्चंच सार करतात, पच्चिपुलुसु, चिंचेचा कोळ, कांदा, मिरची, थोडा गूळ, गॅस लावायचाच नाही, भातावर ओतून घ्यायचं. मे महिन्यात पारा बेचाळीस त्रेचाळीसला जातो तेव्हा त्या शहाणपणाला मी मनापासून नमस्कार करते आणि तेच करते. विड्या वळणारीला दिवसभर मांडी मोडता येत नाही, तिनं चुलीपाशी कशाला जायचं.

तर काकूंची कडक भाकरी. पीठ ज्वारीचं, मीठ घालून गरम पाण्यात मळलेलं, मळणं मात्र जीव लावून. मग इतकी पातळ थापायची की हातावर घेतली तर पलीकडचा उजेड दिसेल. तव्यावर दोन्हीकडून भाजायची आणि मग लगेच काढायची नाही, चुलीच्या कडेला आराला टेकवून उभी ठेवायची म्हणजे आतला सगळा ओलावा निघून जातो. मग ती पापडासारखी वाजते. अशा भाकऱ्यांची चळत काकू बांबूच्या टोपलीत फडकं घालून ठेवायच्या आणि महिनाभर सहज पुरवायच्या. काही भाकऱ्यांवर तीळ लावायच्या. संक्रांतीच्या आधी तर त्यांच्याकडं दोन दिवस तवा उतरायचाच नाही, ज्वारीच्या झाल्या की बाजरीच्या.

कारण संक्रांत म्हणजे आमच्याकडं गड्डा. सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वज निघतात, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं ते उंच काठ्या पेलत चालतात, भोगीच्या दिवशी तळ्याजवळ संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. अक्षता टाकायला सगळं गाव लोटतं. आता त्या दिवशी घरात कोण कधी येईल याचा काही नेम नाही, मिरवणुकीत गेलेला माणूस दुपारी येतो नाहीतर संध्याकाळी, बरोबर चार पाव्हणे घेऊन. म्हणून मग आधीच करून ठेवलेली कडक भाकरी, आणि भोगीची भाजी मोठ्या पातेल्यात: वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, ओल्या शेंगा, दोन बोरं, तिळाचं कूट. मुरली की जास्त चांगली लागते. जो जसा येईल तसा जेवतो. काकू प्रत्येकाला विचारायच्या, "ऊट आयता?", म्हणजे जेवण झालं का, आणि उत्तराची वाट न बघता ताट करायच्या. आम्ही मराठी घरातली पोरं त्यांच्याकडं जेवून परत आईकडं जेवायचो.

आता ह्याच्या बरोबर उलटी गोष्ट सांगते, कारण नुसतं टिकणाऱ्याचंच कौतुक केलं तर ताज्या भाकरीवर अन्याय होईल. तव्यावरची गरम ज्वारीची भाकरी अजिबात थांबत नाही. ती ताटात पडली की खायची. फुगलेली, वरचा पापुद्रा सुटलेला, तो उचलून आत तूप नाहीतर करडईच्या तेलाचा थेंब आणि चटणीची चिमूट. दहा मिनिटांनी ती भाकरीच असते पण ती गोष्ट राहत नाही. म्हणून ती करणारी उभी असते आणि खाणारा बसलेला असतो. आणि उभी असणारी शेवटची, गार झालेली खाते. माझ्या घरात आता असं चालत नाही, मुलाला आणि नवऱ्याला दोघांनाही भाकरी करता येते, ते मी शिकवलंय, आणि रविवारी मी बसते आणि मला तव्यावरून गरम वाढतात. नवऱ्याची जरा जाड होते, पण फुगते.

भाकरी शिकवताना मला कळलं की आपण जे हातानं करतो त्याचं कारण माहीत असलं की शिकणाऱ्याला सोपं जातं. गव्हात चिकटपणा असतो, ग्लुटेन, त्यामुळं कणीक ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत ते नसतंच. मग धरून ठेवणार कोण? पिठातलाच स्टार्च, पण तो गरम पाण्यानं थोडा शिजला तरच. म्हणून पाणी कडकडीत घ्यायचं, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरतं पीठ मळायचं, तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून. पीठ जुनं असलं तर त्याची विरी गेलेली असते, भाकरी थापतानाच कडेला भेगा पडतात, मग कितीही चांगला हात असूदे. गिरणीतून थोडं थोडं आणायचं, आठवड्यापुरतं. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा, आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला तर चिरते, लवकर उलटली तर चिकटते. मुलाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "आई हे घड्याळ लावून होईल का?" नाही होत. बघूनच होतं.

आणि ज्वारी कुठली, हे फार महत्त्वाचं. आमच्याकडं मालदांडी, मंगळवेढ्याची मिळाली तर सोन्याहून पिवळं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून लोक त्या गावाला ज्वारीचं कोठार म्हणतायत. ह्या जिल्ह्यात पाऊस वर्षाला साधारण ५५० मिलिमीटरच्या आसपास, तोही मनाला येईल तसा. पण काळी जमीन खोल आहे, ती पाऊस धरून ठेवते. पावसाळा सरता सरता शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी पेरतात आणि मग वरून पाणी नाही मिळालं तरी जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर तो उभा राहतो, फेब्रुवारी मार्चात काढणी. कडेनं करडईचे तास, काटेरी असते म्हणून जनावर आत शिरत नाही. म्हणजे शेतातून भाकरी आणि तिच्यावरचं तेल एकदमच येतं. डिसेंबर जानेवारीत कणसं दुधात असतात तेव्हा हुरडा, गोवऱ्यांच्या आरावर भाजून, हातावर चोळून, आणि त्याच्याबरोबर परत आमची शेंगाची चटणी आहेच.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्यांचं माहेर करमाळ्याकडचं. १९७२ च्या दुष्काळात त्या पोरवयाच्या होत्या, आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जायच्या. तिथं सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे ते कोरडं पौष्टिक खाणं मिळायचं, आणि रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. तिची भाकरी लाल काळपट व्हायची आणि घशाखाली उतरायची नाही असं त्या सांगतात. आत्यांच्या हाताखाली मी ज्वारीच्या कण्या शिकले. ज्वारी भरडून जाडसर कणी काढायची, पाखडायची, उकळत्या पाण्यात मीठ घालून मऊ शिजवायची. त्याच्याबरोबर अंबाडीची भाजी, आंबट, त्यात थोडी तुरीची डाळ, आणि वरून लसणाची फोडणी, लसूण चांगला लाल होईपर्यंत तळलेला. कण्याच्या मध्ये खळगा करून त्यात ती फोडणी ओतायची. उरलेल्या कण्या सकाळी ताकात कालवून खायच्या. आत्या हे करताना फार मन लावून करतात, आणि ताटात एक कणी राहिलेली त्यांना चालत नाही. त्या कुणाला रागवत नाहीत, स्वतः बोटानं पुसून घेतात. दुष्काळ बघितलेल्या बाईला मी तरी यावर काही बोलणार नाही. उलट माझ्या मुलानं आजीकडून तेवढं उचललंय, त्याचं ताट धुतल्यासारखं असतं.

आत्यांकडूनच मला येसर मिळालं. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धणे, खोबरं, खडा मसाला, सगळं वेगवेगळं भाजून एकत्र दळलेलं पीठ. पूर्वी लग्नघरात हे करायचे, बायका जमून, गाणी म्हणत. पन्नास माणूस अचानक वाढलं तरी पाणी उकळायचं, फोडणी करायची, येसर कालवून सोडायचं की दाट तांबडी आमटी तयार. भाकरी कुस्करून ही आमटी वर घेतली की दुसरं काही लागत नाही. माझ्याकडं येसराचा डबा कायम असतो. पावसात अडकून कुणी येतं, नवऱ्याचा मित्र येतो, दीर गावाकडून एसटीनं येतो आणि न सांगता येतो, काही टेन्शन नसतं.

हल्ली सोलापुरी थाळी म्हणून हॉटेलात जे मिळतं त्यात सगळंच झणझणीत असतं, वर तेलाचा लाल तवंग, आणि रील बघून लोकांना वाटतं की सोलापूरकर रोज तेच खातात. ते खातो आम्ही, आवडीनं खातो, लग्नाकार्यात, मटणाच्या रविवारी. पण रोजचं घरचं जेवण सौम्य आहे. मुगाचं वरण, कूट लावलेली भाजी, ताक, भाकरी. आजाऱ्याला चकोल्या, तुरीच्या फोडणीच्या वरणात कणकेचे काप सोडून शिजवलेल्या, वर तूप. तिखट लागतं त्याच्यासाठी चटणी बाजूला असतेच की, ज्यानं त्यानं आपल्या बेतानं घ्यावी. मला हे फार सभ्य वाटतं. एकाच पातेल्यातून म्हातारं माणूस, लहान पोर आणि तालमीतून आलेला गडी तिघं जेवतात, आणि कुणासाठी वेगळं करावं लागत नाही.

मुलगा आता पुण्यात शिकायला आहे, हॉस्टेलवर. फोनवर मित्रांशी अजून तसाच बोलतो, "काय करलालास बे", त्याचे पुण्यातले मित्र पण आता बे म्हणायला लागलेत म्हणे. दर वेळी जाताना त्याच्या बॅगेत चटणीची बरणी, कडक भाकरीचा डबा, येसराची पुडी. खोलीत इंडक्शन लावायला परवानगी नाही म्हणून येसर परत आणतो, पण चटणी परत येत नाही, आठवड्यातच मेसेज येतो की संपली, पोरांनी संपवली. मला त्याचा राग कसा येईल! त्यातला एक नागपूरचा आहे, एक लातूरचा, एक केरळचा, आणि केरळचा तो पोरगा ती चटणी भातावर खोबरेल तेल घालून खातो असं कळलं. मी आता बरणी मोठी केलीय.

त्या पोरांपैकी एकाच्या आईनं मला फोन करून रीत विचारली, म्हणून सांगते, तुम्हालाही उपयोगी पडेल. उखळ नसलं तर नाराज होऊ नका. खलबत्ता मोठा असेल तर त्यात दोन मुठी दाण्यांची करा, पुरे होते, संपली की परत करा. तोही नसेल तर मिक्सरच घ्या, पण दाणे पूर्ण गार झालेले पाहिजेत, भांडं कोरडं पाहिजे, आणि बटण एकदम फिरवायचं नाही, नुसतं झटका देऊन सोडायचं, परत झटका, मध्ये झाकण उघडून चमच्यानं खालचं वर करायचं. लसूण, जिरं, मीठ, तिखट आधी फिरवून घ्या, दाणे नंतर. तीनचार झटक्यांत थांबा आणि बाकीचं काम हाताला द्या: परातीत काढून वाटीच्या बुडानं दाबून रगडा, तेल सुटेल. तिखट ब्याडगी घेतलं तर रंग येईल आणि पोरांना सोसेल. पहिल्या दिवशी लसूण जरा पुढं येतो, दुसऱ्या दिवशी सगळं एकजीव होतं, म्हणून पाठवायची असेल तर आदल्या दिवशी करून ठेवा आणि बरणी भरताना चमच्यानं दाबून दाबून भरा, मध्ये हवा राहू देऊ नका. आणि भाकरी जमत नसेल तर तोवर गरम भातावर घ्या, वरून कच्चं तेल, सोबत दही.